करारापूर्वीचा प्रश्न : लोणावळा आणि मावळ यांच्या निमित्ताने

विद्यापीठीय व्यवहारात ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ या शब्दप्रयोगाला अलीकडे मोठेच वजन प्राप्त झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी संस्थांसमवेत संयुक्त व दुहेरी पदव्या देण्याविषयीचे नियम केले आणि २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा उघडण्याची वाट मोकळी करून दिली. परिणामी सामंजस्य करारांची संख्या हेच विभागाच्या कर्तृत्वाचे माप ठरू पाहत आहे. करार कोणाशी झाला याची चर्चा होते. करारापूर्वी आपल्यापाशी कोणता प्रश्न होता, याची होत नाही. मराठी विभागांच्या दृष्टीने मात्र हा दुसरा मुद्दाच निर्णायक आहे. त्याच्या विचारासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. लोणावळा आणि त्याभोवतीचा मावळ-मुळशीचा डोंगरी पट्टा यांतील दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत.

पहिले उदाहरण कैवल्यधामाचे. जगन्नाथ गणेश गुणे तथा स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. यौगिक क्रियांचा शरीरावर नेमका कोणता परिणाम होतो, हा त्यांचा प्रश्न होता. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांच्या वेळी शरीरांतर्गत दाबात होणारे बदल त्यांनी मोजले, क्ष-किरणांचा उपयोग केला आणि निष्कर्ष स्वतःच्या नियतकालिकातून जगापुढे ठेवले. पुढे १९३० च्या दशकात येल विद्यापीठाचे अभ्यासक कोवूर बेहनन लोणावळ्यास येऊन राहिले. योगविषयक त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की, बाहेरचा अभ्यासक आला तेव्हा प्रश्न, प्रयोगशाळा आणि प्रकाशनाचे साधन या तिन्ही गोष्टी लोणावळ्यात अगोदरच सिद्ध होत्या. त्यामुळे एकाने सामग्री पुरवावी आणि दुसऱ्याने तिचा अर्थ लावावा, अशी वाटणी तेथे अपरिहार्य नव्हती.

दुसरे उदाहरण आपल्या विषयाच्या अधिक निकटचे आहे आणि अधिक अस्वस्थ करणारेही. मूळचे फ्रान्सचे गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात स्थापन केलेल्या सामाजिक संशोधन संस्थेने मावळ-मुळशीसारख्या डोंगरी भागातील, आणि पुढे महाराष्ट्रभरच्या, जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. हे संकलन एक लाखाहून अधिक ओव्यांचे आहे. त्यात खेड्यांतील स्त्रिया केवळ गाणाऱ्या नव्हत्या. ओव्या जमविणे आणि त्यांच्या अर्थाची चर्चा करणे यांतही त्यांचा वाटा होता. १९९० च्या दशकात या कार्यास युनेस्कोसह परदेशांतील संस्थांचे अर्थसाहाय्य लाभले आणि फ्रेंच संगणक-संगीतज्ञ बर्नार बेल यांनी त्याची संगणकीय सूची सिद्ध केली. शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण प्रथम गुडगावच्या लोकसंगीत-संग्रहात आणि नंतर फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथील संग्रहात ठेवले गेले. अलीकडच्या काळात ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाने या ओव्या सर्वांना खुल्या करून दिल्या आहेत.

या कार्याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. तथापि मावळच्या स्त्रीच्या आवाजाला जतनासाठी गुडगाव आणि फ्रान्स गाठावे लागावे, ही घटना मराठीच्या अध्यापकांनी अंतर्मुख होऊन पाहावी अशी आहे. दोष नेणाऱ्यांचा नव्हे. ओवीची थोरवी वर्गात सांगणाऱ्या आपल्या विभागांपैकी किती विभागांपाशी एवढा ठेवा सांभाळण्याची व्यवस्था आहे? ध्वनिमुद्रणांचा संग्रह, त्याची सूची आणि ती राखणारा कायमचा सेवक नसेल, तर करारावर स्वाक्षरी करूनही आपण केवळ माहिती पुरविणारे ठरू.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ज्ञानाला सीमा नसतात आणि अशी सावधगिरी संकुचितपणाची ठरेल. परंतु खुलेपणा आणि परावलंबन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुणे विद्यापीठात मराठीचे अध्यापन केलेले शं. गो. तुळपुळे आणि अमेरिकेतील अ‍ॅन फेल्डहाउस यांनी मिळून सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुळपुळे यांचा यादवकालीन मराठीचा व्यासंग त्यापूर्वी कित्येक दशकांचा होता आणि फेल्डहाउस स्वतः मराठीच्या व्यासंगी अभ्यासक आहेत. ही भागीदारी फळली, कारण दोन्ही बाजूंस मराठीची जाण होती. संकुचितपणाचा आरोप या कोशावर कोणी करणार नाही.

तेव्हा सहकार्याचा प्रत्येक प्रस्ताव विभागाने तीन कसोट्यांवर तपासावा. संशोधनाचा प्रश्न उभयतांनी मिळून मांडलेला आहे काय? मूळ सामग्रीची एक पूर्ण प्रत, सूचीसह, येथील ग्रंथालयात आणि ज्यांच्याकडून ती मिळाली त्या गावांत राहणार आहे काय? आणि निष्कर्ष मराठीतूनही प्रसिद्ध होणार आहेत काय? कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभांवर धेनुकाकटाच्या ‘यवन’ म्हणविणाऱ्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. ती प्राकृतात, ब्राह्मी लिपीत आहेत आणि आजही त्याच डोंगरात आहेत. दात्यांची ओळख परकी असली तरी त्यांच्या दानाची नोंद येथील भाषेत आणि येथल्याच दगडावर झाली.

या तीनही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर करार अवश्य करावा, मग समोरचे विद्यापीठ नामांकित असो वा नसो. ती तशी नसतील, तर करार लांबणीवर टाकून विभागाने तेवढा काळ परिसरातील ओव्या, बखरी आणि बोली यांच्या संकलनास व सूचीकरणास द्यावा. पुढे जो कोणी भागीदार येईल, त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा अधिकार या कामातूनच प्राप्त होईल.