कॅमेऱ्याला वॉरंटी दोन वर्षांची, दुरुस्तीचा दिवस मात्र अनिश्चित

ठाणे/प्रतिनिधी

भिवंडीच्या गोदामातून निघालेला नवा कॅमेरा डोंबिवलीतील ग्राहकाच्या दारात एक-दोन दिवसांत येऊन पोहोचतो. तोच कॅमेरा तीन महिन्यांनी बंद पडला, तर तो सेवाकेंद्रातून केव्हा परत मिळेल हे सांगण्यास सहसा कोणी बांधील नसते. सुटे भाग आणि मजुरी विनामूल्य असल्याची ग्वाही हमीपत्रावर ठळक अक्षरांत असते. दुरुस्ती किती दिवसांत होईल, याचा उल्लेख मात्र बहुधा नसतोच. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात वॉरंटीविषयी जी नाराजी ऐकू येते, तिचे मूळ या गाळलेल्या ओळीत आहे.

या परिसरात कॅमेरा ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीत १९९९ साली सुरू झाली. तेव्हापासून पाडव्याची सकाळ आणि दिवाळीत फडके रस्त्यावर जमणारी तरुणाई हे छायाचित्रकारांचे हक्काचे दिवस झाले आहेत. ठाणे खाडीचा परिसर २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. खाडीतले रोहित आणि येऊरच्या जंगलातील पक्षी टिपण्यासाठी लागणाऱ्या टेलिफोटो लेन्सची किंमत सहज लाखाच्या पुढे जाते. पण खरा प्रश्न हौशी मंडळींचा नाही. लग्न, मुंज, बारसे, साखरपुडा यांच्या चित्रीकरणावर घर चालवणारे जे असंख्य एकांडे व्यावसायिक कल्याण-डोंबिवलीच्या चाळींत आणि सोसायट्यांत राहतात, त्यांचा आहे.

अशा एखाद्या छायाचित्रकाराचे गणित मांडून पाहावे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. ठरलेल्या तारखांची आगाऊ रक्कम घेतलेली असते. ऐन हंगामात कॅमेऱ्याचे शटर अडकते. वॉरंटी चालू असल्याने दुरुस्तीचा खर्च शून्य. परंतु त्या काळात दुसरा कॅमेरा दिवसाच्या भाड्याने आणावा लागतो, लोकलने सेवाकेंद्राच्या दोन-तीन खेपा होतात आणि प्रत्येक खेपेला कामाचा एक दिवस बुडतो. डोंबिवलीहून मुंबई गाठून परत येण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. 'सुटा भाग मागवला आहे' एवढेच उत्तर पदरात पडले, तर भाड्याचा आकडा पाहता पाहता फुगतो. कंपनीच्या हिशेबात ही दुरुस्ती विनामूल्य असते. छायाचित्रकाराच्या वहीत ती कित्येकदा वॉरंटीबाहेरच्या दुरुस्तीपेक्षा महाग पडते. शिवाय कॅमेरा सेवाकेंद्राच्या कपाटात पडून असला तरी वॉरंटीची मुदत पुढे सरकतच राहते. बहुतेक हमीपत्रांनुसार बदललेल्या भागालाही मूळ मुदतीतले उरलेले दिवसच मिळतात.

दुसरा वाद कारणाचा. बिघाड कारखान्यातला की ग्राहकाच्या हाताळणीतला, हे कंपनीचाच तंत्रज्ञ ठरवतो. 'बाह्य आघात', 'पाण्याचा संपर्क' किंवा 'बुरशी' असा शेरा एकदा जॉब शीटवर पडला की वॉरंटी संपल्यात जमा. कोकणपट्टीत यातला शेवटचा शेरा सर्वांत जाचक ठरतो. खाडीकाठच्या ठाण्यात किंवा उल्हास नदीकाठच्या कल्याणमध्ये जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता इतकी असते की बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या काचांवर बुरशीचे तंतू उमटतात. वेळीच साफ न केल्यास बुरशीतून पाझरणारी आम्ले काचेवरील लेप कायमचा खराब करतात. म्हणून येथील जाणकार छायाचित्रकार सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डबे वापरतात, ऐपत असेल ते आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर राखणारे ड्राय कॅबिनेट घेतात. जुन्या पिढीतील काहींनी तर कपाटात शून्य वॉटचा दिवा जळत ठेवून पावसाळे काढले. बुरशी वॉरंटीत न बसणे एकवेळ समजण्याजोगे आहे. पण ज्या देशात वर्षातील चार महिने हवा अशी असते, तेथे विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या माहितीपत्रकात त्याची ठसठशीत सूचना तरी असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

आर्द्रता हा नेहमीच ग्राहकाचा दोष असतो असेही नाही. २००५ साली सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये मूळचाच दोष असल्याचे उघड झाले. उष्ण व दमट हवेत हे सेन्सर बंद पडत आणि चित्र एकतर वेडेवाकडे येई किंवा येतच नसे. हे सेन्सर कॅनन, निकॉन, कोनिका मिनोल्टा अशा अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले होते. कंपन्यांनी वॉरंटी संपली असली तरी विनामूल्य दुरुस्ती देऊ केली. परंतु दोष जाहीर होण्यापूर्वी ज्यांनी 'दमट हवेमुळे बिघडला' हे उत्तर ऐकून खिशातून पैसे मोजले असतील, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

निकॉनच्या डी ६०० या कॅमेऱ्याची कथा तर अधिक बोलकी आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर वारंवार डाग पडत असल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने साफसफाईचा सल्ला दिला. ऑक्टोबरमध्ये डी ६१० हे सुधारित मॉडेल आले. वॉरंटी संपलेल्यांसह सर्वांना विनामूल्य तपासणी आणि गरज पडल्यास शटर बदलून देण्याची घोषणा फेब्रुवारी २०१४ मध्ये झाली. पुढच्याच महिन्यात, १५ मार्चच्या जागतिक ग्राहक दिनी, चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने हे प्रकरण लावून धरले आणि शांघायच्या प्रशासनाने या मॉडेलची विक्री थांबवण्याचे आदेश दिले. या सगळ्या काळात हमीपत्रातील एक अक्षरही बदलले नव्हते. बदलला तो तक्रारदारांचा आवाज. एकट्या ग्राहकाला 'नीट साफ करून घ्या' एवढेच सांगितले जाते, हजारोंनी तेच म्हटले की तो उत्पादनातील दोष ठरतो.

वॉरंटीच्या वादांत ग्राहकाची बाजू जेथे खरोखरच लंगडी पडते, तो प्रांत बिलाशिवाय खरेदीचा. फोर्टमधील बोराबाजार ही मुंबई परिसरातील छायाचित्रकारांची जुनी बाजारपेठ. तेथे काय किंवा अन्यत्र काय, सगळेच दुकानदार आडमार्गाचा माल विकतात असे नव्हे. मात्र 'बिलासकट की बिलाशिवाय' हा प्रश्न ज्याने एकदाही ऐकला नाही, असा छायाचित्रकार विरळा. डिजिटल कॅमेऱ्यांवरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तरी करासकट आणि कराशिवाय यांतली तफावत मोह पाडण्याइतकी राहतेच. कंपनीची भारतातील शाखा सहसा स्वतः आयात केलेल्या मालाचीच हमी घेते, हे मात्र बिघाड झाल्यावर कळते.

परदेशातून परस्पर आणलेला अस्सल माल विकणे हा मुळात गुन्हा नव्हे. सॅमसंगच्या प्रिंटरसंबंधीच्या कपिल वाधवा खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा विक्रीस मुभा दिली. मात्र माल मूळ कंपनीने भारतात आणलेला नाही, त्याला तिची हमी नाही, सेवा विक्रेता स्वतःच्या जबाबदारीवर देईल, असे दुकानात ठळकपणे लिहिण्याची अट घातली. अशी पाटी किती दुकानांत दिसते, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ती चिकटपट्टी नसेल, किंवा बिलावरील, खोक्यावरील आणि कॅमेऱ्यावरील क्रमांक जुळत नसतील, तर स्वस्ताईचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. बिल असेल तर निदान विक्रेत्याला जाब विचारता येतो.

बिल कोणाच्या नावाने घ्यावे, हाही कळीचा मुद्दा आहे. 'तुम्ही कॅमेरा धंद्यासाठी घेतला, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही,' हा बचाव कंपन्यांच्या वकिलांकडून ठरल्याप्रमाणे येतो. १९९३ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले आणि २०१९ च्या कायद्यातही टिकलेले स्पष्टीकरण याला उत्तर देते: निव्वळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. योगायोग असा की, या प्रश्नावरचा सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल छायाचित्रण व्यवसायातूनच आला. पॅरामाउंट डिजिटल कलर लॅब विरुद्ध अॅगफा इंडिया या खटल्यात फोटो प्रक्रियेचे यंत्र घेणारे सुशिक्षित बेरोजगार भागीदार ग्राहकच ठरतात, असे न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. व्यापारी हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर नसून तो बचाव घेणाऱ्यावर आहे, हे २०२४ च्या श्रीराम चिट्स प्रकरणात आणखी स्पष्ट झाले. तेव्हा स्वतः कॅमेरा हाती धरून पोट भरणाऱ्या छायाचित्रकाराने या बचावाला घाबरण्याचे कारण नाही. चार-पाच पगारी माणसे ठेवून स्टुडिओ चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. तेथे वाद रंगू शकतो.

कायदा घराजवळ आला, हेही मान्य करावे लागेल. १९८६ च्या कायद्यानुसार प्रतिपक्षाचे कार्यालय जेथे असेल किंवा वादाचे कारण जेथे घडले असेल, तेथे दाद मागावी लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम ३४ मुळे तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगात जाता येते. कंपनीचे मुख्यालय गुरुग्रामला असले तरी कल्याणच्या ग्राहकाने ठाण्यात तक्रार करावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तर अनेक कंपन्या तेवढ्यानेही हलतात. फक्त जॉब शीटवर कॅमेऱ्याची स्थिती लिहून घेणे, देतानाची छायाचित्रे तारखेसह जपणे आणि बोलणे फोनवर न ठेवता ई-मेलवर करणे, एवढी शिस्त हवी. छायाचित्रकारांनीच आपल्या कॅमेऱ्याचे छायाचित्र काढायचे विसरावे, हे मात्र नेहमीचे आहे.

कालमर्यादेचे मात्र कायद्यातही जमलेले नाही. तक्रार तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाली काढावी, असे कलम ३८ सांगते. वॉरंटीच्या वादात दोष कोणाचा हाच प्रश्न असल्याने तपासणीची वेळ हमखास येते. आयोगांवरील रिक्त पदांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली, यावरून त्या मुदतीचे काय होत असेल याची कल्पना येते. हमीपत्रातील अट मुळातच अन्याय्य आहे असे म्हणायचे असेल, तर जिल्हा आयोगाला तो अधिकारच नाही. त्यासाठी मुंबईत राज्य आयोगाकडे जावे लागते. दुरुस्तीतील अवाजवी विलंब ही 'सेवेतील त्रुटी' असल्याचा युक्तिवाद करता येतो. पण अवाजवी म्हणजे किती, हे प्रत्येक प्रकरणात हंगाम उलटून गेल्यावर ठरते.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात दुरुस्ती 'वाजवी मुदतीत' आणि ग्राहकाची मोठी गैरसोय न होता व्हावी, वस्तू त्याला कशासाठी हवी होती याचाही विचार व्हावा, असे स्पष्ट म्हटले आहे. ३१ जुलै २०२६ पासून लागू करावयाच्या नव्या निर्देशानुसार ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती स्वीकारल्यास हमीची मुदत एका वर्षाने वाढते. अर्थात तेथे व्यवसायासाठी वस्तू घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत सहसा बसत नाही. त्या बाबतीत भारतीय कायदाच अधिक उदार आहे.

वॉरंटीबाहेर दुरुस्ती करून घेण्याचा मार्गही अरुंद होत चालला आहे. गल्लीतील जाणता कारागीर शटर बदलू शकतो, पण अस्सल भाग त्याला मिळत नाही. निकॉनने अमेरिकेत स्वतंत्र कारागिरांना सुटे भाग देणे २०१२ मध्येच थांबवले आणि अधिकृत दुरुस्ती केंद्रांची योजनाही मार्च २०२० अखेर गुंडाळली. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, गृहोपयोगी उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात आहेत. कंपन्यांची हमी व सेवाकेंद्रांची माहिती एका ठिकाणी मिळावी, हा त्याचा उद्देश. सुटे भाग अमुक दिवसांत द्यावेत असे बंधन त्यातून येत नाही. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. सुटे भाग मिळतात का, किती वेळात मिळतात, उघडून जोडणे किती सोपे आहे, यांवर वस्तूला गुण देण्याची ती कल्पना आहे. तिचा पहिला भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे.