चांदणी चौकातला पादचारी

संपादक महाशय,

पुण्याच्या चांदणी चौकाची कोंडी सुटली आणि त्यात स्थानिकांचे भले झाले, हा आपल्या अंकातील लेखाचा दावा अर्धाच खरा आहे. २ ऑक्टोबर २०२२ ला जुना पूल पाडला, १२ ऑगस्ट २०२३ ला नवा प्रकल्प खुला झाला. वाहनांची सोय झाली, एवढे मान्य. पण मुळशीकडून एसटीने आलेली, डोक्यावर पाटी घेतलेली बाई महामार्गाचा दुभाजक कशी ओलांडते, ते लेखकाने उभे राहून पाहावे. तिला बेशिस्त ठरवणे अन्यायाचे आहे. उद्घाटनाच्या दिवशी तिच्यासाठी पादचारी पूलच नव्हता! लेखात याचा उल्लेखही नाही. पुढच्या चौकाच्या पहिल्याच निविदेत पदपथ, बसथांबे आणि पादचारी पूल असलेच पाहिजेत.

— एक वाचक, बावधन, पुणे