मापें घेतलीं, म्हणून वास्तु राखली काय ?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं एक नवेंच समाधान ऐकूं येऊं लागलें आहे. एखाद्या जुन्या लेण्याची अगर गडाची दुर्दशा कोणीं बोलून दाखविली, कीं उत्तर तयार असतें : "त्याचें आतां त्रिमिती मापन होणार आहे, मग काळजी कसली?" आमचा विरोध आहे तो मापनास नव्हे, या समाधानास.

हें यंत्र करतें काय, तें प्रथम पाहूं. तिवईवर बसविलेलें यंत्र स्वतःभोंवतीं फिरत लेसरचे किरण सोडतें, आणि भिंतीवरून परतणाऱ्या किरणावरून एकेका बिंदूचें अंतर ठरवितें. खांबाआड दडलेलें त्यास दिसत नाहीं; म्हणून तें जागोजाग हलवावें लागतें, व सर्व ठिकाणचे बिंदु मागाहून संगणकांत जुळवावे लागतात. अशा कोट्यवधि बिंदूंत मूर्तीचें झिजलेलें नाक आणि ढळलेली कमान हुबेहूब उतरते. पण किरण पृष्ठभागाशींच थांबतो. भिंतीच्या पोटांत चुना कितपत शिल्लक आहे, पाणी कोठून मुरतें, हें त्यास विचारून उपयोग नाहीं.

यावर पॅरिसच्या नोत्र दामचा दाखला हटकून पुढें करण्यांत येतो. अँड्र्यू टॅलन या अमेरिकन कलेतिहासज्ञानें २०१० च्या सुमारास तें प्रार्थनामंदिर लेसरनें मोजून ठेविलें. १५ एप्रिल २०१९ रोजीं त्याचें छप्पर जळालें, आणि डिसेंबर २०२४ मध्यें दारें पुन्हां उघडलीं. ठीक. परंतु छपराचा लांकडी सांगाडा दोन वास्तुशास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं तुळईन्‌तुळई पाहून कागदावर उतरविला होता, सुमारें दोन हजार ओक वृक्ष तोडावे लागले, आणि ते कुऱ्हाडीनें तासणारे सुतार फ्रान्सांत अजून होते, हें सांगावयास आमची मंडळी विसरतात. युगांडांतील कसुबीच्या राजसमाधींचें मापन २००९ मध्यें झालें होतें. पुढच्याच वर्षीं मुख्य वास्तु जळाली. मापांनीं आग अडत नाहीं.

आणि पॅरिसपर्यंत जावें तरी कशाला ? अजिंठा आमच्या घरचा आहे. तेथील भित्तिचित्रांच्या नकला उतरण्यांत रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याचीं कित्येक वर्षें गेलीं. त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. १८६६ सालच्या आगींत त्यांतील बहुतेक भस्म झाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेंच काम करूं लागले. त्यांच्याहि कितीएक नकला १८८५ मध्यें लंडनच्याच दुसऱ्या एका संग्रहालयांत जळाल्या. याहून वाईट गोष्ट अशी, कीं चित्र स्पष्ट दिसावें म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश चढविण्यांत आलें, आणि त्यानें चित्रांची हानि केली. नक्कल घेण्याच्या भरांत मूळ दुखावलें, आणि नक्कलहि हातीं राहिली नाहीं ! आजच्या नोंदीस तर आगीचीहि गरज नाहीं. ती उघडणारी संगणकप्रणाली बाद झाली, कीं पुरे.

मग मापन करूं नये काय ? अवश्य करावें; डागडुजीपूर्वीं करावें, नंतर पुन्हां करावें, आणि दर कांहीं वर्षांनीं करावें. तट दोन बोटें फुगला कीं नाहीं, हें जुनें माप नव्याशेजारीं ठेविल्यावांचून कळत नाहीं. या यंत्राचा खरा लाभ तोच. एकदां ताप मोजून थर्मामीटर कपाटांत ठेवणाऱ्या वैद्यास आम्ही वैद्य म्हणत नाहीं. शिवाय तीं मापें कोणाहि अभ्यासकास पाहतां आलीं पाहिजेत. ज्या लोकांच्या पैशानें तीं घेतलीं, त्यांनाच तीं न दिसावीं, हा न्याय अजब आहे.

२०२५ च्या जुलैंत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रांत आहेत. सत्कार झाले, भाषणें झालीं. त्यानंतर आम्ही एका जुन्या गडावर गेलों होतों. तटाच्या सांध्यांत पिंपळ हातभर वाढला होता, आणि पाणी जाण्याची मोरी मातीनें बुजली होती. गडाची मोजणी पूर्ण झाली आहे, असें आम्हांस मोठ्या अभिमानानें सांगण्यांत आलें. त्या मोजणींत तो पिंपळहि पानापानासह उतरला असेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तो उपटावयास मात्र कोणी आलें नव्हतें.