रामघाटावरून पुण्यास : बंद यंत्रांतील अक्षरांसाठी विनंतीपत्र

मा. महासंचालक,
प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक), पुणे यांस,



काशीच्या ज्या रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात वेद आजही गुरुमुखातून शिष्याच्या कंठात उतरतो, आणि ज्याच्या आसपासच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या वस्त्यांतील जुन्या मराठी घरांत पोथ्यांची बासने अद्याप जपलेली आढळतात, तेथील एका गल्लीत जुने लॅपटॉप दुरुस्त करण्याचा व्यवसाय मी करतो. नवे यंत्र स्वस्त पडेल, असे मी स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतो. परंतु पंचवीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप फडक्यात गुंडाळून जी माणसे येतात, त्यांना यंत्र नको असते, त्यातील मजकूर हवा असतो.

गेल्या पावसाळ्यात एका दिवंगत वैदिकांचा असा लॅपटॉप आला. घड्याळ चालू ठेवणारी आतील लहानशी निकेलची बॅटरी झिरपून तिच्या क्षाराने मदरबोर्डावरील तांब्याच्या रेषा खाल्ल्या होत्या, पडद्यामागची नळी तांबूस मंद उजेड देत होती आणि बिजागरीजवळचे प्लॅस्टिक बोट लागताच निखळत होते. सौम्य व्हिनेगरने क्षार मारून, अल्कोहोलने धुऊन, तुटलेली एकेक रेष भिंगाखाली केसाएवढ्या तारेने सांधून डाग दिला. आणि हार्ड डिस्कवर नवे एक अक्षरही लिहिले जाऊ नये म्हणून सर्वप्रथम तिची हुबेहूब नक्कल उतरवून घेतली. अकराव्या दिवशी यंत्र सुरू झाले.

मजकूर मात्र वाचता येईना. ज्या प्रणालीत तो लिहिला होता, ती प्रिंटरच्या खाचेत तिचे कुलूप (डोंगल) जोडल्यावाचून उघडत नाही, आणि ते कुलूप घरात कोणास सापडले नाही. अन्य मार्गाने फाइल उघडावी, तर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन ढीग समोर येतो. पोथीला कसर लागली तरी उरलेले पान डोळ्यांनी वाचता येते. येथे पान अक्षत असून वाचणारा हतबल.

कारण आपणांस विदित आहेच. कानपूरच्या आय. आय. टी.त आरंभलेले आणि पुण्यात आपल्या संस्थेत वाढलेले भारतीय लिप्यांच्या संगणनाचे जिस्ट हे कार्य, तसेच त्या लिप्यांसाठीचे १९९१ चे इस्की मानक, यांनी अक्षराला उच्चाराच्या क्रमाने एक निश्चित संकेतांक दिला. परंतु व्यवहारात जे टंक रूढ झाले, त्यांत साठवले जात होते ते अक्षरांच्या आकृतींचे तुकडे. काना वेगळा, अर्धा वर्ण वेगळा, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. आणि कोणता तुकडा कोणत्या अंकाखाली, हे ज्या त्या निर्मात्याने आपल्या मर्जीने ठरवलेले. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग युनिकोडात आला तोच २००९ साली, ५.२ या आवृत्तीत. तोवर यजुर्वेदाचे स्वर लिहिणाऱ्याने जी तजवीज केली असेल, ती त्याच्याच टंकापुरती.

म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या संस्थेचे, आणि ज्या खासगी निर्मात्यांची हरकत नसेल त्यांचेही, बाजारातून उठलेले देवनागरी टंक, त्यांचे अक्षरतक्ते, पुस्तिका आणि कुलूपविरहित प्रती यांचे एक कायमचे सार्वजनिक दप्तर आपण उघडावे. २००५ साली तमिळ व हिंदी भाषांची साधने सीडींवरून विनामूल्य वाटली गेली, त्या कार्यात आपली संस्था होती. तेव्हा हे मागणे आपल्या परंपरेस सोडून नाही. हे काम मजसारखा कारागीर करू शकत नाही. तांब्याची तुटलेली रेष मी सांधू शकतो, हरवलेला तक्ता मला घडवता येत नाही.

तरी प्रयत्न सोडलेला नाही. त्या वैदिकांच्या पत्नी आज वृद्ध आहेत, आणि रोज ऐकून ऐकून त्या मजकुरातील पहिली दोन पाने त्यांना मुखोद्गत झाली आहेत. त्या सावकाश म्हणतात, मी पडद्यावरील चिन्हांशी ताडून लिहून घेतो. या रीतीने साधी व्यंजने आणि बहुतेक मात्रा लागल्या आहेत. जोडाक्षरे अर्धीअधिक अडली आहेत आणि स्वरचिन्हांपैकी एकही निश्चित झालेले नाही. डिस्कची नक्कल व आजवर जुळवलेला तक्ता, त्या घराच्या अनुमतीने, आपल्याकडे पाठविण्यास मी सिद्ध आहे. दोन पानांच्या पुढे एकशे चाळीस पाने आहेत, आणि ती त्या वृद्ध मातोश्रींनाही पाठ नाहीत.

आपला नम्र,
रामघाट, काशी येथील एक दुरुस्ती-कारागीर