वेग कोणाचा, विलंब कोणाचा?

मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेची कोनशिला २०१७ साली बसली. ५०८ किलोमीटरच्या या मार्गाचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा. त्यात महाराष्ट्राचा वाटा ५ हजार कोटी. उलट २००८-०९ मध्ये मंजूर झालेली वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे कळंबला पोहोचायला २०२४ साल उजाडले! इंग्रजी भांडवलाने मात्र वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच यवतमाळपर्यंत शकुंतलेचे रूळ टाकले होते. रूळ कोणत्या वर्गाच्या सोयीने पडतात, हे तेव्हाही उघड होते आणि आजही आहे. कळंबच्या कास्तकाराला ताशी ३२० किलोमीटरचा वेग नको आहे. नांदेडपर्यंतचा अखंड मार्ग आणि परवडणारे तिकीट हवे आहे. नियोजनाचा हा उलटा अग्रक्रम बदलण्यासाठी कार्यकर्त्यांनी गावोगाव लोकमत संघटित केलेच पाहिजे.