सोनी जेवत का नाही?



सोमवारी वर्गात पाऊल टाकते न टाकते तोच अथर्व धावत आला. "बाई, बाई, सोनी जेवत नाही!"

सोनी म्हणजे आमच्या चौथीच्या वर्गातली गोल्डफिश. खिडकीजवळच्या काचेच्या टाकीत ती आणि मोती असे दोघे राहतात. एरवी खाऊचा डबा दिसला, की सोनी लगेच वर! आज मात्र ती कोपऱ्यात तळाशी, पर मिटून बसली होती. दाणे तिच्या तोंडासमोरून खाली गेले, पण तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

मग काय, प्रत्येक जण डॉक्टर झाला! "तिला त्याच त्याच खाऊचा कंटाळा आलाय." "पोळी देऊ या का?" "बाई, औषध घाला ना!"

"थांबा," मी म्हटलं. "आधी कारण शोधू, मग उपाय." फळ्यावर मी एकच प्रश्न लिहिला : गेल्या आठवड्यात टाकीत काय बदललं?

मुलं विचारात पडली. मग मैत्रेयी हळूच म्हणाली, "बाई, शुक्रवारी पाहुणे येणार होते, म्हणून गुरुवारी टाकी धुतली होती. तुम्हीच."

खरंच की! मी सगळं पाणी ओतून दिलं होतं. खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. टाकी कशी लख्ख दिसत होती! आणि तिथेच माझी चूक झाली.

मासे ज्या पाण्यात राहतात, त्यातच त्यांची घाण मिसळते. तिच्यातून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. पण स्पंजावर, खड्यांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. ते अमोनियाचं रूप बदलत बदलत त्याचा नायट्रेट करतात. नायट्रेट थोडा असेल तर माशांना बाधत नाही. मी स्वच्छतेच्या नादात हे सफाई कामगारच धुऊन टाकले! शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना आणि या जिवाणूंनाही घातक. अशा पाण्यात माशाच्या कल्ल्यांना त्रास होतो, मग भूक कुठून लागणार?

एवढ्यात साहिल उभा राहिला. मान खाली. "बाई, शनिवारीच ती जेवत नव्हती. मी पुन्हा पुन्हा दाणे टाकले. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात आणि अमोनिया आणखी वाढतो. पण साहिलला मी रागावले नाही. त्याच्या आधी मी चुकले होते ना! एवढंच म्हटलं, "तुझी माया खरी आहे रे. पण आजारी माणसाला आपण बळेच भरवतो का? आणि चूक लगेच सांगितली, तर उपायही लगेच करता येतो."

मग आम्ही कामाला लागलो. खाऊ बंद. तळाचे कुजके दाणे नळीने ओढून काढले. शाळेच्या उघड्या पिंपात शनिवारपासून भरून ठेवलेलं पाणी होतं, त्याने टाकीतलं पाव भाग पाणी बदललं. हवेचा पंप चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी साहिलने काकांच्या जुन्या टाकीतला स्पंजाचा एक मळकट तुकडा आणला. "ई!" मुलं ओरडली. पण त्या मळातच तर आमचे सफाई कामगार होते! तो तुकडा फिल्टरमध्ये ठेवला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार... रोज पाव भाग पाणी बदलायचं आणि वहीत नोंद करायची. मुलं मधल्या सुट्टीतही टाकीपाशीच! शुक्रवारी उकडलेल्या मटाराचं साल काढून एक बारीकसा तुकडा टाकला. सोनीने तो तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला आणि गिळला! वर्गात असा जल्लोष झाला, की शेजारच्या बाई पाहायला आल्या.

तुमच्या घरचा मासा जेवत नसेल, तर एवढं करा :

• घाबरू नका. धडधाकट, मोठा गोल्डफिश दोन-चार दिवस उपाशी राहू शकतो. थंडीत त्याची भूक कमीच होते.

• दोन मिनिटांत संपेल एवढाच खाऊ द्या. उरलेला काढून टाका.

• सगळं पाणी एकदम बदलू नका. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरा. काही गावांच्या पाण्यातलं क्लोरीन असं उडून जात नाही, त्यासाठी माशांच्या दुकानात थेंब मिळतात.

• स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच खळबळा. साबण नकोच!

• अंगावर पांढरे ठिपके दिसले किंवा मासा वर येऊन धापा टाकू लागला, तर जाणकाराला विचारा. अंदाजाने औषध घालू नका.

आणि हो, टाकीशेजारी एक वही जरूर ठेवा. मासा बोलत नाही, त्याचं दुखणं आपणच टिपायचं असतं.

तुमच्या,
बाई