न दिसणारी रचना आणि आपली मुले

काळेवाडी परिसरातील कामगार कुटुंबांना लोहचुंबक नवा नाही. लोखंडाला ओढतो तो चुंबक, ही आपली साधी ओळख. परंतु काही पदार्थांतील अणू स्वतः लहान चुंबक असूनही तो पदार्थ लोखंडाला ओढत नाही. मँगनीज ऑक्साइड पुरेसे थंड केले की त्यातील निम्मे अणुचुंबक एका दिशेस, तर निम्मे नेमके उलट दिशेस रांगेने उभे राहतात. बेरीज शून्य, रचना मात्र काटेकोर.

अशी रचना असली पाहिजे, हे फ्रान्सच्या लुई नेएल यांनी १९३० च्या दशकात तर्काने मांडले. पुरावा मिळाला १९४९ साली. अमेरिकेत क्लिफर्ड शल व सॅम्युएल स्मार्ट यांनी या पदार्थावर न्यूट्रॉनचा झोत सोडला. न्यूट्रॉन स्वतःही सूक्ष्म चुंबक असल्याने अणूंच्या चुंबकत्वाचा ठसा घेऊन तो बाहेर पडतो. खोलीच्या तापमानास न आढळलेले जादा संकेत थंड पदार्थात स्पष्ट उमटले. नेएल यांना १९७० मध्ये, तर न्यूट्रॉन-तंत्रासाठी शल यांना १९९४ मध्ये नोबेल मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाल्यानंतर पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने न्यूट्रॉन-संशोधन उभे राहिले.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस ही पद्धत परिचित वाटते. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी, थेट पुरावा नसलेल्या भूतकाळाचा शोध विखुरलेल्या खुणा जोडून घेतला. शहरात जात उरली नाही, असे आजही सांगितले जाते. मात्र भाड्याची खोली पाहताना आडनाव विचारले जाते, तेव्हा आतील रांगा उघड होतात. अर्थात अणूंची रचना निसर्गाने घडविली. जातीची माणसाने, आणि म्हणूनच ती मोडता येते. त्यासाठी आधी ती पुराव्यानिशी दाखवावी लागते. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून पाहा, ही तथागतांची शिकवण दोन्ही ठिकाणी लागू पडते.

दहावीनंतर आयटीआय वा डिप्लोमा करून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत मानाने राबणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांचा आम्हांस अभिमान आहे. तथापि मूलभूत विज्ञानाची ओढ असलेल्या मुलीला 'त्याने नोकरी कुठे मिळणार?' असे विचारून थांबविणे आम्हांस मान्य नाही. २००६ साली स्थापन झालेली 'आयसर' ही संस्था येथून जवळच, पाषाणला आहे. तिथपर्यंतचे अंतर किलोमीटरचे कमी, माहितीच्या अभावाचेच अधिक आहे. माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी थोडी मुले अशा प्रयोगशाळा पाहण्यास न्यावीत, प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकांचा खर्च उचलावा. पालकांनी दोन वर्षे धीर धरावा.

लपलेली रचना शोधणारी नजर कोणत्याही जातीची मिरास नाही. ती आपल्या वसतिगृहातूनही घडली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!